दहावीचं वर्ष आणि अकरा महिन्यांचा करार : नायगावातल्या एका घरभाड्याचं प्रकरण

जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात नायगाव-भोईवाडा भागातल्या एका चौघांच्या कुटुंबाला एजंटमार्फत मालकाचा निरोप आला. करार ३१ तारखेला संपतोय. पुढे राहायचं असेल तर भाडं २० हजारांऐवजी २६ हजार आणि डिपॉझिट ७५ हजारांऐवजी एक लाख. थोरली मुलगी दहावीत होती. बोर्डाचा पहिला पेपर २१ फेब्रुवारीला, त्याआधी तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा.

भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देणं हा माझा धंदा. पक्षकारांच्या घरी जायचं, आधार तपासायचं, कॅमेऱ्यात फोटो घ्यायचा, मशीनवर अंगठे उठवायचे, दोन साक्षीदार उभे करायचे. अशी प्रकरणं रोज समोर येतात. हेच निवडलं, कारण यात मुलं असलेल्या घराला भाडं नेमकं कुठे चावतं ते स्वच्छ दिसतं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत आणि आकडे जवळच्या शेकड्या-हजारात घेतलेत.

घर आणि घरातली माणसं

खोली जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतीच्या पुनर्विकासातली, २२५ चौरस फुटांची वन आरके. वडील लोअर परळला एका कंपनीत हिशेबनीस, हातात ३८ हजार. आई दादरला कापडाच्या दुकानात, सकाळी अकरा ते रात्री आठ, पगार १७ हजार. थोरली दहावीत, धाकटा दुसरीत. धाकट्याला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने राखीव ठेवलेल्या, २५ टक्क्यांतून एका खासगी शाळेत जागा मिळालेली, म्हणजे फी शून्य. शाळा सकाळची, साडेबाराला सुटायची. तिथून तो चालत आजीकडे जायचा. आजी राहायची जवळच, नायगावच्या बीडीडी चाळीत (ब्रिटिशकालीन सरकारी चाळी), मोठ्या मुलाच्या कुटुंबासोबत, १६० चौरस फुटांत. संध्याकाळी सातला वडील कामावरून येताना त्याला घेऊन यायचे.

ही सगळी घडी चालण्याच्या अंतरावर बसलेली होती, आणि तिची किंमत कुठल्याही हिशेबात लिहिलेली नव्हती.

आईची वही मी पाहिली. पाठकोऱ्या पानांची, दुकानाच्या बिलबुकातून शिवलेली. ५५ हजारांतून भाड्याचे २० गेले की ३५ उरतात. वाणसामान साडेनऊ, भाजी-मासळी साडेचार, दूध दोन हजार सहाशे, वीज आणि गॅस मिळून तेवढेच, मुलीचा क्लास तीन हजार, आजीचं औषध दीड हजार, विम्याचा हप्ता, भिशी तीन हजार, प्रवास, मोबाईल, धाकट्याच्या शाळेचे वरखर्च. महिनाअखेरीला दोन हजार तीनशे शिल्लक. त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘२६’ लिहून त्याखाली वजाबाकी केली होती. उत्तराभोवती गोल काढून तो पुन्हा खोडला होता.

भाडं उत्पन्नाच्या ३६ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर जाणार होतं. टक्केवारीवरून मात्र हे प्रकरण कळत नाही. एकट्यादुकट्या माणसाला ४७ टक्के परवडले नाहीत तर तो बॅग उचलून पुढच्या स्टेशनला जातो. या घराला उठणंच शक्य नव्हतं, निदान त्या महिन्यात तरी.

करार जूनहून जानेवारीत कसा आला

पहिला करार १ जून २०२१ चा, भाडं १६ हजार. तेव्हा कोरोनामुळे खोल्या रिकाम्या पडल्या होत्या आणि मालक नमतं घेत होते. शाळाही जूनमध्येच सुरू होते, म्हणजे करार आणि शाळेचं वर्ष बरोबरीने निघालं. पण करार अकरा महिन्यांचा आणि शाळेचं वर्ष बारा महिन्यांचं. पहिला ३० एप्रिल २०२२ ला संपला, दुसरा ३१ मार्च २०२३ ला, तिसरा २९ फेब्रुवारी २०२४ ला आणि चौथा ३१ जानेवारी २०२५ ला. प्रत्येक नूतनीकरण एक महिना मागे सरकत थेट दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर आलं. मुलगी २०२१ मध्ये सातवीत होती, तेव्हाच कुणी कॅलेंडर घेऊन बसलं असतं तर हे दिसलं असतं. कोण बसतो?

पहिली तीन नूतनीकरणं सुखात झाली : १७ हजार, साडेअठरा, वीस. एप्रिलअखेरीला घर बदलणं जमण्यासारखं असतं, मार्चअखेरीलाही ओढूनताणून जमतं, त्यामुळे मालकही बेताने मागतो. जानेवारीअखेरीला मात्र भाडेकरूच्या हातात काहीच नसतं.

आमच्या भागात एजंट मालकाला भाडेकरू सुचवताना म्हणतात, ‘फॅमिली पार्टी आहे, हलणार नाही.’ हीच त्या कुटुंबाची पत. बॅचलरला नाही म्हणणारे मालक मुलंबाळं असलेल्या घराला हसत खोली देतात. भाडं वाढवायची वेळ आली की तीच पत उलटते. हलणार नाही, म्हणजे देईल. मालक दुष्ट असावाच लागत नाही. या प्रकरणातले मालक, म्हणजे काका, तर निवृत्त, विरारला मुलाकडे राहणारे, आणि हे भाडं म्हणजेच त्यांचं पेन्शन. २६ चा आकडा एजंटाने त्यांच्या कानात घातला होता.

पंचवीस हजारांचा आकडा

एजंटाने तो आकडा हवेतून आणला नव्हता. नायगावला बीडीडीच्या ४२ चाळी, १९२० च्या दशकातल्या. म्हाडा, म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण, त्यांचा पुनर्विकास करते आहे. प्रत्येक रहिवाशाला ५०० चौरस फुटांचं घर मिळणार आहे, आणि काम चालू असेपर्यंत संक्रमण शिबिरात (म्हाडाच्या तात्पुरत्या घरांत) न जाणाऱ्याला महिना २५ हजार रुपये भाडं. योजना चांगली आहे, १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांना हे मिळायलाच हवं. पण एकाच भागातली शेकडो कुटुंबं हातात ठरलेला आकडा घेऊन खोल्या शोधायला निघाली की तो आकडाच त्या भागाचा दर होतो. मालक विचारतो, ‘बीडीडीवाले पंचवीस देतायत, तुम्ही किती देता?’ जी घरं योजनेत नाहीत आणि ज्यांच्यासाठी सरकार भाडं भरत नाही, ती या स्पर्धेत स्वतःच्या खिशानिशी उभी राहतात.

या कुटुंबाला त्या पंचवीस हजारांनी दोनदा गाठलं. एकदा भाड्याच्या वाढीतून, आणि दुसऱ्यांदा आजीच्या चाळीला रिकामं करण्याची नोटीस आली तेव्हा. आईच्या मोठ्या दिरांनी पंचवीस हजार घेऊन बदलापूरला दहा हजारांची खोली घ्यायचं ठरवलं. वरचे पंधरा त्यांच्या मुलाच्या कॉलेजला. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, हे बरीच घरं करतात. पण आजी त्यांच्याबरोबर जाणार होती, म्हणजे धाकट्याचं दुपारचं ठिकाण जाणार होतं. (नव्या टॉवरमधलं घर कुणाच्या नावावर आणि धाकट्या भावाला त्यात काय, हा विषय त्या घरात अजून मोठ्याने बोलला गेलेला नाही. मीही काढला नाही.)

लांब जाण्याचा हिशेब

‘बदलापूरला का जात नाही?’ हे त्यांना सगळ्यांनी विचारलं. तिथे बारा हजारांत चांगला वन बीएचके मिळतो. चौदा हजारांची बचत कागदावर खणखणीत दिसते.

आम्ही वहीच्या नव्या पानावर ती मांडली. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. दुकान आठला बंद झालं की आई घरी पोचणार दहाच्या पुढे, सकाळी निघणार नऊच्या आधी. धाकट्याला पाहायला आजी तिथे असेल खरी, पण दिरांच्या खोलीत, दुसऱ्या टोकाला, आणि तिचे गुडघे रोज ने-आण करण्याच्या पलीकडे गेलेत. दुकानाची नोकरी सोडावी लागेल, हे आईने स्वतःच सांगितलं. सतरा हजार गेले. चौदा वाचवायला सतरा.

त्यात आरटीई. ही जागा शाळेत शिरण्याच्या पहिल्या वर्गालाच मिळते. तिसरी-चौथीला नव्या गावी गेलं की तिथल्या खासगी शाळेत तशीच जागा नव्याने मिळत नाही. फी भरा, नाहीतर पालिकेची शाळा शोधा. आणि ती जागा मिळवतानाही भाड्याच्या घरानेच घाम काढला होता. पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरारच लागतो, नोटरी केलेला स्टँपपेपर चालत नाही. दुसऱ्या कराराच्या वेळी काका नोंदणीला तयार नव्हते. खर्च आपण सोसतो म्हटल्यावर तयार झाले. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवणं ही मालकाचीच जबाबदारी आहे, न नोंदवल्यास शिक्षेची तरतूदही आहे.

दहावीचं तर उघडच होतं. परीक्षा केंद्र परळकडे, पेपर सकाळी अकराला, साडेदहाला वर्गात हजर. बदलापूरहून त्या वेळेला यायचं म्हणजे ऐन गर्दीची लोकल. परीक्षेच्या पंधरवड्यात पोरीला त्या डब्यात ढकलायला वडील तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं.

विकत घेण्याचा विचार लवकर मिटला. पंचवीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी, पावणेनऊ टक्क्यांनी, हप्ता बावीस हजारांच्या वर, आणि सुरुवातीची रक्कम कुठून आणायची? म्हाडाच्या मुंबई मंडळाची २०३० घरांची सोडत ८ ऑक्टोबर २०२४ ला निघाली होती. अल्प उत्पन्न गटात, म्हणजे वार्षिक सहा ते नऊ लाखांच्या गटात, त्यांचाही अर्ज होता. सोडतीला एकूण एक लाखाहून जास्त अर्ज आले होते, त्यांचा नंबर लागला नाही.

अकरा महिनेच का?

माझ्या धंद्याचा भाग इथे येतो, म्हणून जरा थांबतो.

काकांना विचारलं, अकरा महिन्यांचाच करार का? म्हणाले, ‘बारा झाले की भाडेकरू मालक होतो.’ हे वाक्य मुंबईत प्रत्येक घरमालकाला पाठ आहे. त्यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली, त्यातून पागडी, म्हणजे ताब्यासाठी एकरकमी पैसे घेण्याची पद्धत, आली. मग मालकांनी पळवाट म्हणून ‘भाडेकरू’ऐवजी ‘लायसन्सी’ (फक्त वापराची परवानगी असलेला) ठेवायला सुरुवात केली. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या लायसन्सींनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. काकांच्या चुलत्यांची गिरगावातली खोली तेव्हाच गेली. त्यांच्या घरातली भीती खरी आहे, फक्त जुनी आहे.

अकराचा आकडा नोंदणी कायद्यातून आला. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं, म्हणून एक महिना कमी. महाराष्ट्रात १९९९ च्या अधिनियमानंतर या युक्तीत काही उरलं नाही, कारण आता लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे अशा परवानगीचा, करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. आणि कलम २४ मालकाच्या बाजूने भक्कम आहे. मुदत संपल्यावर लायसन्सीने ताबा दिला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जास्तीच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळते. हे अकरा महिन्यांच्या कराराला लागू आहे तसंच अठ्ठावीस महिन्यांच्याही. ऑनलाइन नोंदणीत साठ महिन्यांपर्यंत मुदत टाकता येते.

मग अकरा महिने टिकले कशावर? सवयीवर, आणि एजंटांच्या उत्पन्नावर. दर अकरा महिन्यांनी नवा करार म्हणजे दर अकरा महिन्यांनी कागदाचे पैसे आणि नूतनीकरणाची दलाली. माझाही त्यात फायदा असतो, हे इथे लपवण्यात अर्थ नाही.

बोलणी

काका, एजंट, आई-वडील आणि मी त्या वन आरकेत बसलो. मुलगी ओट्यापाशी उभी राहून भूमितीची रीत लिहीत होती, कारण खाली जागा आम्ही अडवली होती. ओट्याची उंची तिला बरोबर पडते, रात्री भाऊ झोपला की ती तिथेच अभ्यास करते, असं आईने नंतर सांगितलं. काकांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ठाऊक नाही. बोलणी मात्र आकड्यांवर झाली.

त्यांच्यापुढे सरळ गणित मांडलं. हे कुटुंब गेलं तर खोली किमान एक महिना रिकामी, २६ हजार. रंग आणि डागडुजी, १५ हजार. मालकाच्या बाजूची दलाली, आणखी २६. एकूण ६७ हजार. त्याऐवजी याच कुटुंबाला २४ हजारांत ठेवलं तर अठ्ठावीस महिन्यांत सोडून द्यावे लागतात जास्तीत जास्त ५६. शिवाय हे लोक चार वर्षांत एकदाही पाच तारीख चुकलेले नाहीत. एजंट म्हणाला, बीडीडीवाला २६ देऊन लगेच येईल. येईल, आणि नवं घर मिळताच जाईलही, असं वडील म्हणाले. काकांना ते पटलं असावं.

ठरलं ते असं. मुदत १ फेब्रुवारी २०२५ ते ३१ मे २०२७, अठ्ठावीस महिने. पहिले सोळा महिने २४ हजार, पुढचे बारा २५ हजार. डिपॉझिट एक लाख. काकांना नातवासाठी खोली लागली तर ताबा मागता येईल, पण ३१ मे २०२६ रोजीच, आणि नोटीस २८ फेब्रुवारीच्या आत. भाडेकरूला दोन महिन्यांच्या नोटिशीवर कधीही जाता येईल. मालकाला मध्येच खोली मागायची असेल तर ती मे महिन्यातच मागता यावी, हे कलम मी आग्रहाने घातलं. काकांनी त्याला हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती एजंटाने.

मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वार्षिक दहा टक्के दराने धरलेलं व्याज मिळवायचं. भाडं ६ लाख ८४ हजार, व्याजाचे २३ हजार ३३३. शुल्क १,७६८ रुपये आणि नोंदणी फी एक हजार. अठ्ठावीस महिन्यांना ही दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत. अकरा-अकराच्या करारांत नोंदणीचा हजारच दोन-तीनदा गेला असता, एजंटाचे वेगळे.

काकांचा अंगठा मशीनवर उठेना. वयाने रेषा झिजलेल्या. बोटं बदलून, ओल्या फडक्याने पुसून, शेवटी डाव्या मधल्या बोटावर जमलं.

सुटलं काय, राहिलं काय

मुलीची परीक्षा जागच्या जागी झाली. करार पुन्हा शाळेच्या वर्षाला जुळला. एवढं सुटलं.

२४ हजार म्हणजे उत्पन्नाचे ४४ टक्के. वहीतली शिल्लक दोन हजार तीनशेवरून वजा सतराशेवर गेली. भिशी बंद केली. डिपॉझिटचे वरचे २५ हजार भिशीतूनच उचलले होते, त्यामुळे बंद करण्याआधी उचललेलं फेडणं आलं. मासळी रविवारपुरती. हे ते न कुरकुरता सांगतात, निदान माझ्यासमोर.

करार कितीही चांगला लिहिला तरी आजी त्यात लिहिता येत नाही. एप्रिलमध्ये चाळ रिकामी झाली आणि ती बदलापूरला गेली. पुढच्या गल्लीत पाळणाघर आहे, महिना साडेचार हजार. आईने दुकानात पाचपर्यंतची पाळी मागून पाहिली. पगार बारा हजार होतो म्हणाले, म्हणजे पाळणाघरापेक्षा पाचशे जास्तच जातात. उन्हाळ्याच्या सुट्टीत थोरलीने भावाला सांभाळलं.

सरकारने घरभाड्यासाठी खरंच काही करायचं असेल, तर माझं मागणं मोठं नाही. पुनर्विकासात ज्या भागातून शेकडो घरं एकदम भाड्याच्या बाजारात येतात, तिथे त्याआधी संक्रमण गाळे तयार हवेत. रोख रक्कम देणं सोपं, पण तिचा ताप शेजारच्या भाडेकरूच्या घरात निघतो. आणि नोंदणीच्या पोर्टलवर मुदतीच्या रकान्यात शाळेच्या वर्षाअखेरची तारीख सुचवायला तर कायदाही बदलावा लागणार नाही.

जूनमध्ये अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायला मुलगी माझ्याकडेच आली, प्रिंटर आहे म्हणून. मार्क ८४ टक्के. पसंतीक्रमात तिने सकाळच्या सत्राची, एकपर्यंत सुटणारी महाविद्यालयं आधी टाकली. विज्ञान शाखेचं आधी बोलणं झालं होतं, पण प्रात्यक्षिकं दुपारी असतात. अर्ज वाणिज्यचा गेला, आणि जुलैपासून पाळणाघराचे साडेचार हजार वाचले. आईचं म्हणणं, तिला पहिल्यापासून वाणिज्यच हवं होतं. वडील त्यावर काही बोलले नाहीत. ऑगस्टमध्ये भिशी पुन्हा सुरू झाली, तीनऐवजी दीड हजारांची.